रिकाम्या जागेचा नकाशा

मी एका गावाचा नकाशा बोलतोय. ते गाव मात्र मी माझ्या जन्मानंतर पुष्कळ दिवसांनी पाहिलं, ही माझी पहिली तक्रार.

२००४ साली सिंगापुरात, वन-नॉर्थ नावाच्या भागातल्या एका ऑफिसात, मोठ्या प्रिंटरमधून मी चांगला दोन हात लांब बाहेर आलो. शाई वाळायच्या आत मला गुंडाळलं, उलगडलं, पिना टोचल्या, परत काढल्या. तेव्हापासून मला स्वस्थता म्हणून नाही.

माझ्यावरचं गाव दूरच्या एका देशातलं, नऊ वर्षांच्या लढाईत मोडलेलं. लढाई थांबली होती. आता तिथल्या पालिकेला रस्ते, गटारं, पाणी, बाजार असं सगळं नव्यानं आखून द्यायचं होतं, तेही पुढची तीस वर्षं टिकेल असं. हे काम उज्ज्वलकडे होतं. हा नागपूरचा इंजिनिअर, कामाला वाघ, पण साहेबांसमोर तोंडातून शब्द फुटायचा नाही. शुक्रवारी त्या गावच्या नगराध्यक्षा येणार, आराखडा मंजूर करणार आणि मग एक रेघही बदलता येणार नव्हती.

माझ्या दक्षिणेला एक पांढरा तुकडा होता. उपग्रहाच्या फोटोत तिथे नुसतं गवत दिसलं, म्हणून उज्ज्वलने तिथे बस स्टँड टाकला. पाण्याची टाकी उत्तरेला, वस्तीत. सिंगापुरात राहून माणसाला सवयच लागते, जागा मोकळी दिसली की काहीतरी उभं करायचं. मला तो तुकडा सारखा खुपायचा. का, ते कळत नव्हतं.

गुरुवारी त्याने मला नळीत कोंबून बुकित बातोक उपनगरातल्या आपल्या फ्लॅटवर आणलं आणि जेवणाच्या टेबलावर पसरलं. एका कोपऱ्यावर लोणच्याची बरणी! त्याची आई मीराबाई तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण टाकीचं चित्र बरोबर कळलं.

"इथं पाणी भरायला कोण कोण येणार रे?"

"सगळेच. पळून गेलेले परत येतील, तेसुद्धा. तीनशे मीटरच्या आत आहे आई, नियमात बसतं."

"आणि जे गावातच राहिले, ते भरू देतील त्यांना?"

उज्ज्वलची मुलगी दीक्षा गृहपाठातून मान वर न करता तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "जस्ट वॉक अँड टेक लाह, आजी!"

मीराबाई हसल्या नाहीत. "बाळा, आमच्या घरापासून तीस पावलांवर विहीर होती. मी एकदाही तिच्यात पोहरा टाकला नाही. टाकू दिला नाही."

उज्ज्वलने जरा वेळाने पेन्सिलीने दुसरी टाकी काढली. मीराबाईंनी तीही नको म्हटलं. "दोन पाणवठे आम्ही बघितलेत. त्यापेक्षा विचार त्या नगराध्यक्षाबाईंना, ते लोक राहायचे कुठं."

शुक्रवारी माझा जीव टांगणीला लागला होता. उज्ज्वलचे साहेब चारुदत्त पुण्याचे, वेळेचे पक्के. "आता नवीन काही काढू नकोस," ते त्याच्या कानाशी बोलले, "आज मंजुरी हुकली तर सगळं बारगळेल." उज्ज्वलने मान डोलावली आणि तरीही नगराध्यक्षांना विचारलं, पळून गेलेले लोक राहायचे कुठे.

नगराध्यक्षांनी पांढऱ्या तुकड्यावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "तुमच्या बस स्टँडखाली चाळीस घरं आहेत. जळलेली." त्या स्वतः उत्तरेच्या, गावात राहिलेल्यांपैकी. "आमच्याकडे कुणालाच ते आठवायला नकोय. तुम्ही ती जागा रिकामी धरलीत, तेव्हा मला बरंच वाटलं होतं. खोटं कशाला बोलू?"

त्यांनी पेन उचललं आणि त्या पांढऱ्या तुकड्यावर त्या चौकोन काढत गेल्या, प्रत्येकात एका घराचं नाव. माझ्या अंगावर इतकं भराभर कधी कुणी लिहिलं नव्हतं. नऊ चौकोनांपाशी हात थांबला, नावं आठवेनात. तेव्हा त्यांचे डोळे भरले. टाकी त्यांनी त्या घरांच्या मधोमध काढली.

"आम्ही येऊ तिथे पाण्याला," त्या म्हणाल्या. "बघू या, दुसऱ्याच्या दारात घागर घेऊन उभं राहताना कसं वाटतं."

चारुदत्तांनी एकदा घड्याळ पाहिलं, एकदा बाईंकडे, आणि सोमवारची वेळ दिली.

सोमवारी नवा, देखणा नकाशा छापून आला. त्यावर चाळीस घरांना चाळीस क्रमांक होते, नाव एकही नव्हतं. मंजुरी त्याला मिळाली. मी खराब झालेला, कापून टाकायच्या ढिगात पडलो होतो. नगराध्यक्षांनी मला तिथून उचललं आणि सोबत नेलं.

आता मी त्यांच्या पालिकेत, खिडकीशेजारी भिंतीवर आहे. टाकी झाली. उत्तरेच्या बायका पाण्याला जातात. काही अजून मान खाली घालून. दूरदूरच्या छावण्यांतून माणसं येतात, आपल्या नावावर बोट ठेवतात आणि तशीच उभी राहतात. बोटं लागून लागून माझा तो भाग मळलाय, फाटायलाही आलाय.

परवा कुणीतरी म्हणालं, याला जपायला हवं, काचेत बसवू. नका हो! नऊ चौकोन अजून कोरे आहेत. ती माणसं आली, तर काचेवर नाव कसं लिहितील?