ग्लासातला पांढरा साका

दुसरबीडपासून कोसभरावर मळ्याची वाडी नावाचं गाव आहे. वांगी, भेंडी, मिरची पिकवणाऱ्या माळ्यांची वस्ती. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, जिल्हा परिषदेचे दवाखाने उघडत होते आणि त्यातल्याच एका दवाखान्यात मी डॉक्टर होतो. पण मंगळवारी माझ्या दवाखान्यात कुत्रं फिरकत नसे. सगळी गर्दी वाडीबाहेरच्या चिंचेखाली, निर्मळनाथ महाराजाच्या दरबारात.

गर्दी सगळी पुरुषांची. मिसरूड फुटलेली पोरं, नव्याने लग्न झालेले गडी, पागोटं बांधलेले कर्ते बापे. एरवी पारावर मिशा पिळणारे हे लोक तिथं माना खाली घालून बसलेले असत. प्रत्येकाच्या हातात काचेचा ग्लास. ग्लासात काय असे तेही सांगतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. ज्याची त्याची लघवी.

महाराज एकेकाला पुढं बोलवी. ग्लास उन्हाकडे धरी. मग चांदीच्या झारीतलं पाण्यासारखं स्वच्छ गंगातीर्थ त्यात धार धरून ओती. आणि चमत्कार! पिवळसर, नितळ लघवी बघता बघता गढूळ होई आणि तिच्यात पांढरा साका, म्हणजे गाळ, धरे.

"देख बच्चा, देख!" महाराज गरजे. "ये तेरी चांदी बह रही है. रक्ताच्या शंभर थेंबांचा हा एक थेंब. सगळा धातू, मरदाचं वीर्य, चालला. कोन खेचतंय? बोल, कोन्या बाईचं ध्यान येतं तुले?"

समोरचा गडी मान आणखी खाली घाली. ध्यान कुणाला येत नाही? विशीतल्या पोराला बाईचं ध्यान येतं, स्वप्नं पडतात, एकटा असताना हात वावगा जातो. जगाच्या पाठीवर सगळीकडे असंच आहे आणि त्यात रोगही नाही न् पापही नाही. पण हे त्या पोराला कुणी सांगितलेलंच नसे. तो म्हणे, "येतं महाराज." की लागलाच गळाला. मग भस्म, मग ताईत, मग तापल्या विळ्याचा पोटावर डाग.

मी एका मंगळवारी गर्दीच्या मागं उभा राहून हे पाहिलं. महाराजानं शेवटी तेच तीर्थ साध्या पाण्याच्या ग्लासात ओतून दाखवलं. पाणी तसंच नितळ राहिलं. "गंगामाईले फक्त पाप दिसतं," तो म्हणाला, आणि लोकांनी हात जोडले. माझ्या मस्तकात तिडीक गेली. परत येऊन दवाखान्याच्या मागच्या खोलीत दार लावून मी दोन-तीन गोष्टी करून पाहिल्या. उलगडा व्हायला फार वेळ लागला नाही.

त्याच आठवड्यात वाडीची तानाबाई दवाखान्यात आली. तिशीतली, काटक बाई. दारातून आत यायला तिला धीर होत नव्हता. माझ्याकडे काम करणाऱ्या सुईणीनं तिला आत घेतलं, विचारपूस केली. ओटीपोटात कळा, लघवीला आग, अंगावरून पू जातो. हा परमा, म्हणजे संगातून लागणारा गुप्तरोग होता आणि तो बाईच्या अंगी आपोआप उगवत नाही.

"मालक काय करतात?" मी विचारलं.

"भाजीची गाडी घेऊन जालन्याले जातेत," ती म्हणाली. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "अन् तिथल्या त्या गल्लीत जातेत. मले ठाऊक हाये, डॉक्टर साहेब. साऱ्या गावाले ठाऊक हाये. आधी बाजाराच्या दिवशी जात. मंग बाजार नसला तरी जायले लागले. वांगे झाडावर पिकून पिवळे झाले, बैल चाऱ्यावाचून हंबरतेत, अन् हे गाडीवाटेनं पायी चालले. पोराच्या डोक्यावर हात ठेवून आण घेतली. चार दिस टिकली नाही."

"त्यांना घेऊन या. दोघांनाही सुई द्यावी लागेल."

"महाराजानं मनाई केली. सुई टोचली की मंत्र बाटते म्हने." तिचा आवाज चढला. "पोटावर डाग देल्ला त्याइले. तो चिघळला, ताप चढला. हातरुणावर पडून हायेत. अन् महाराज म्हन्ते, दोष तुह्या मालकाचा नाही. केसरबाईनं करनी केली, तेच धातू खेचून राह्यली."

केसरबाई म्हणजे तिच्या बांधाशेजारची विधवा. मिरचीचा छोटा मळा एकटी करायची आणि माल घेऊन कडूबाच्या, म्हणजे तानाबाईच्या नवऱ्याच्या, गाडीवर बाजाराला जायची. तेवढं निमित्त पुरे झालं होतं.

"येत्या मंगळवारी शेवटचा कौल हाये," तानाबाई म्हणाली. "मालक उठू शकत नाहीत, म्हून म्या त्याइची लघवी घरून न्यायची. साका निघाला तर केसरबाईचे केस कापून तिले गावाबाहेर काढतेत. पाटील कबूल झाले."

मी उठून उभा राहिलो. "साका निघेलच! कुणाच्याही लघवीत निघेल! तुमच्या नवऱ्याच्या, पाटलांच्या, माझ्या—"

"बाईच्याबी?"

"बाईच्यासुद्धा."

तिनं माझ्याकडे टक लावून पाहिलं. मग पदर सावरला आणि आधी स्वतःला सुई टोचून घेतली. "महाराज बाटू दे नाहीतर मंत्र बाटू दे," एवढंच म्हणाली आणि गेली.

मंगळवारी मी वाडीत पोचलो तेव्हा चिंचेखाली उभं राहायला जागा नव्हती. त्या दिवशी बायकाही आल्या होत्या. केसरबाईला पुढं बसवलं होतं. तिनं डोक्यावरून घट्ट ओढलेला पदर दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. शेजारी न्हावी. तो बिचारा कात्री धोतराखाली लपवत होता.

मी पाटलांकडे, हिंमतरावांकडे गेलो. "पाटील, हा गुन्हा आहे. एका निराधार बाईवर..."

"डॉक्टर साहेब, तुमचं औषधाचं तुमी पाहा," हिंमतराव म्हणाले. "हे आमचं गावाचं हाये. गंगा खोटी बोलन काय?"

तेवढ्यात तानाबाई आली. हातात काचेची बाटली. महाराजानं ती ग्लासात ओतून घेतली, उन्हाकडे धरली, डोळे मिटले. मग झारीची धार. ग्लास ढवळून आला, पांढरा साका खाली बसू लागला. गर्दीतून हाय निघाली.

"देखा!" महाराज ओरडला. "पुरा धातू! अरे, मरदाचा सत्त्वगुण हाये हा, मी पैजेवर सांगतो. कडूबाच्या हाडातला रस हाये. या बाईनं शोषला! हिचे केस—"

"महाराज," तानाबाई म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण खणखणीत होता. "ते माह्या मालकाचं नाही."

"क्या?"

"माह्यं हाये. सकाळी म्या भरलं. ह्या सुईणबाईसमोर भरलं, इचारा तिले." सुईण माझ्यामागं उभी होती. तिनं मान हलवली. "आता सांगा, मले कोन्ता धातू हाये? माह्या हाडातला मरदाचा रस कोनी शोषला?"

मग बायकांच्या बाजूला कुणीतरी फिस्सकन हसलं आणि ते हसू गर्दीभर पसरत गेलं. महाराजाचा चेहरा भस्माहून पांढरा झाला.

"भ्रष्ट किया! औरत ने तीर्थ भ्रष्ट किया!" तो झारी उचलून उठला. मी पुढं होऊन झारी धरली. तो सोडीना. हिंमतरावांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "सोडा महाराज. गंगा हाये ना? मंग भेता काऊन?"

मी झारीतलं तीर्थ एका कोऱ्या ग्लासात घेतलं. स्वच्छ, पाण्यासारखं. बांधावरच्या पपईच्या पानाचा पोकळ देठ मोडून आणवला, एक टोक तीर्थात बुडवलं आणि दुसऱ्या टोकातून फुंकत राहिलो. बुडबुडे आले, आणि तीर्थ हळूहळू दुधासारखं पांढरं झालं.

"आता काय माझ्या तोंडातून धातू गेला?" मी विचारलं.

आता मात्र पुरुषही हसले.

"ही चुन्याची निवळी आहे," मी सांगितलं. "तुम्ही पानाला लावता तो चुना. रात्रभर पाण्यात भिजवायचा, सकाळी वरचं नितळ पाणी काढून घ्यायचं. दिसायला पाणीच. श्वासातल्या वायूनं ते पांढरं होतं. माणसाच्या लघवीत जे क्षार असतात, त्यांच्याशी मिळालं की साका धरतं. बाईच्या, लेकराच्या, म्हाताऱ्याच्या, कुणाच्याही. साध्या पाण्यात हे क्षार नसतात म्हणून तिथं काही होत नाही. एवढीच तुमची गंगामाई. पटत नसेल तर महाराजांनीच एक ग्लास भरून द्यावा. आता. इथंच."

महाराज भरून द्यायला थांबला नाही. तो ज्वारीच्या रानातून पळाला तेव्हा दोन-चार पोरं त्याच्यामागं दगड घेऊन धावली. मी त्यांना अडवलं. पण खरं सांगतो, मन लावून अडवलं नाही.

केसरबाईजवळ तानाबाई जाऊन बसली. शेवटी केसरबाई उठली आणि एकटी मळ्याकडे चालू लागली. जे गाव तिचे केस कापायला निघालं होतं, त्यातल्या एकानंही तिच्यामागं दोन पावलं टाकली नाहीत. पाटलांनी नाही, न्हाव्यानं नाही. आजतागायत कुणी तिची माफी मागितल्याचं माझ्या कानावर नाही.

संध्याकाळी मी कडूबाला तपासायला त्याच्या घरी गेलो. डाग भयंकर चिघळला होता. मी तो धुतला, परम्याची सुई दिली. तो भिंतीकडे तोंड करून बोलला.

"लोकाइले वाटते मी मजा मारतो. कायची मजा, डॉक्टर साहेब? जातानी असं होते की गेलो नाही तर डोक्स फुटन. भावाशी भांडण झालं की पाय तिकडे. गारपीट झाली की तिकडे. काही झालं नाही, नुसतं रिकामं वाटलं, तरी तिकडे. अन् येतानी सोताच्या तोंडावर थुकावं वाटते. मंग ते थुकनं इसरासाठी पुन्हा जातो. सोडतो म्हनतो, मनापासून म्हनतो. सुटत नाही."

"केसरबाईनं करणी केली, हे खरं वाटलं तुम्हाला?"

"नाही. तिनं कधी मान वर करून पाह्यलं नाही माह्याकडे. पन महाराज तसं म्हनला तवा मले लय बरं वाटलं. दोष माह्या अंगावरून उतरला ना."

चुलीशी बसलेल्या तानाबाईनं हे ऐकलं. तिनं हातातलं भांडं इतक्या जोरानं आपटलं की लेकरू दचकून रडायला लागलं. "अन् तिचे केस कापले असते तर?" ती म्हणाली. "तवाबी बरंच वाटलं असतं काय तुमाले?"

मलाही त्या माणसाचा संताप आला होता. तरी मी त्याला जे सांगायचं ते सांगितलं. बाईची इच्छा होणं हा आजार नाही. पण घर बुडतंय, शरीर सडतंय, बायकोला रोग लागतोय हे दिसत असून पाय थांबत नाहीत, दुःख आलं की दुसरी वाटच सुचत नाही, तेव्हा ते मनाचं दुखणं असतं. त्यामागं भूत नसतं आणि त्यावर सुईही नाही. सुई परम्यावर. या दुखण्यावर बोलावं लागतं, ओढ कधी उठते ते ओळखावं लागतं, त्या घडीला एकटं राहायचं नसतं. आणि दुखणं आहे म्हणून जबाबदारी टळत नाही. पाय तुमचे आहेत.

तो दर आठवड्याला दवाखान्यात यायला लागला. नुसता बसून बोलायचा. तानाबाईनं जालन्याची गाडी स्वतः हाकायला घेतली आणि केसरबाईला शेजारी बसवून नेऊ लागली. गावानं तोंडं वाकडी केली, तिनं ढुंकून पाहिलं नाही. कडूबा पूर्ण सावरला असं मी खोटं लिहिणार नाही. दोनदा तो पुन्हा त्या गल्लीत गेला. पण दोन्ही वेळा आपल्या पायांनी माझ्याकडे आला, लपवलं नाही, सुई घेतली, आणि बायकोलाही आपल्या तोंडानं सांगितलं. दुसऱ्या वेळी तानाबाई त्याच्याशी महिनाभर बोलली नाही. तो तिचा हक्क होता. त्यानंतर त्याचं त्या गल्लीत जाणं थांबलं ते थांबलंच, निदान माझी बदली होईपर्यंत.

निर्मळनाथ म्हणे पुढे दुसऱ्या तालुक्यात नवं नाव घेऊन बसला. तिथंही पोरं ग्लास घेऊन रांगेत उभी असतील. मला त्याचा राग येतो, पण त्याहून जास्त राग आपल्या तोंडाला लागलेल्या कुलपाचा येतो. चुन्याच्या पाण्यानं कुणी शहाणा माणूस फसत नाही. फसवते ती लाज. बाप मुलाशी बोलत नाही, मास्तर शिकवत नाही, डॉक्टरकडे जायला तोंड नाही. मग बोलायला उरतो एकटा महाराज, आणि त्याला एक केसरबाई लागतेच.

तेव्हा बाबांनो, वयात आलेल्या पोराला त्याच्या शरीराबद्दल धड सांगा, म्हणजे त्याला भलती भीती बसणार नाही. ज्याला खरोखर आवरत नाही त्याला हसू नका, डाग देऊ नका, दवाखान्यात आणा. आणि पुरुषाच्या दुखण्याला कुणी बाईचं नाव चिकटवलं, तर तो कितीही मोठा संत असो, त्याला भर गर्दीत विचारा: पुरावा दाखव. आमच्या समोर, आमच्या ग्लासात, आमच्या हातानं.