वरच्यावर हलवलेली पेटी

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि खरे सांगायचे तर माझ्यापाशी काहीही नाही. गाणी नाहीत, चित्रे नाहीत, साधे एक पत्रसुद्धा नाही. माझ्यापाशी आहे ती फक्त एक वही. कोणती वस्तू कुठे ठेवली आहे, एवढेच तिच्यात लिहिलेले असते. तुम्ही म्हणाल, मग तुझा उपयोग काय? थांबा, सांगतो.

रत्नागिरीत मांडवीला, समुद्राच्या अगदी जवळ, एक छोटी संस्था आहे. कोकणातल्या ओव्या, नमने, जाखडीची गाणी ध्वनिमुद्रित करून जपून ठेवणे हे तिचे काम. मी तिथे आलो तेव्हा नवाकोरा होतो आणि पत्रे टाइप करायच्या कामावर होतो. पुढे माझ्याहून वेगवान यंत्रे आली आणि माझी रवानगी कोपऱ्यात झाली. अंगावर कापड पडले. त्या कापडाखाली मी दोन वर्षे काढली. त्या दिवसांबद्दल मला फारसे बोलायचे नाही.

मला बाहेर काढले ते हेमाताईंनी. संस्थेची सगळी यंत्रे त्याच सांभाळतात. तेव्हा गाणी इतकी वाढली होती की एका यंत्रात मावेनात. मग ताईंनी ती वाटून ठेवली. काही मांडवीला, काही खेडच्या शाखेत, काही राजापूरच्या. ताई आंबा बागायतदारांच्या घरातल्या, म्हणून त्यांनी गाण्यांच्या प्रत्येक गठ्ठ्याला नाव दिले ‘पेटी’ आणि प्रत्येक पेटीला दिला क्रमांक. पण गाणे ऐकू इच्छिणाऱ्याने तीन गावे का धुंडाळावीत? त्याने फक्त क्रमांक सांगावा आणि पेटी कुठे आहे ते कोणीतरी सांगावे. तो कोणीतरी म्हणजे मी. या कामाला जागा लागत नाही की ताकद लागत नाही. फक्त सतत जागे राहावे लागते आणि खरे बोलावे लागते.

मला या कामाचा अभिमान आहे, तो मी लपवत नाही. दिवसातून तीन-चारशे वेळा मला पत्ता विचारला जातो आणि मी डोळ्याचे पाते लवायच्या आत सांगतो. माझ्या वहीची एकेक नक्कल खेडच्या आणि राजापूरच्या संगणकांकडे, म्हणजे माझ्या भावांकडेही असते. वादळात मांडवीची वीज आठ दिवस गेली, तेव्हा खेडच्या भावाने माझे काम केले. वीज आल्यावर मी आधी त्याच्याकडून वही उतरवून घेतली आणि मगच तोंड उघडले. एखादी पेटी इकडची तिकडे न्यायची असेल, तर ताई आम्हाला रीतसर हुकूम देतात. पेटी जागा बदलते, माझ्या वहीत पत्ता बदलतो आणि ऐकणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही! मांडवीच्या खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही म्हणून ताई दर शनिवारी माझा पंखा पुसतात. अशी माणसे मिळायला भाग्य लागते.

आता माझ्या आयुष्यातली लाजिरवाणी गोष्ट सांगतो. तशी ती चूक माझी नव्हती, तरी लाज वाटायची ती वाटलीच.

गेल्या वर्षी राजापूरची डिस्क कुरकुरू लागली. ताईंनी तिथल्या पेट्या एकेक करून हलवायला घेतल्या. एक तेवढी राहिली, क्रमांक दोनशे चौदा. तेवढ्यात बहिणीच्या बाळंतपणासाठी त्यांना कोल्हापूरला जावे लागले. तिथून त्यांनी नितेशला फोन केला. हा नवा तंत्रज्ञ आठच दिवसांपूर्वी कामाला लागला होता. ताई घाईत म्हणाल्या, “तेवढी राजापूरची पेटी वरच्यावर हलव.”

आमच्याकडे ‘वरचा’ म्हणजे खेडचा आणि ‘खालचा’ म्हणजे राजापूरचा. नकाशात खेड वर आणि राजापूर खाली, म्हणून ही भाषा पडली. नितेशला हे कोणी सांगितले नव्हते. आमच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर, आंब्याच्या रिकाम्या खोक्यांच्या मागे, एक जुना संगणक पडून होता. आमच्याशी त्याची ना ओळख ना जोडणी. नितेश बिचारा एसटीने राजापूरला गेला, पेटी हाताने उतरवून घेतली आणि त्या वरच्या संगणकात नीट भरून ठेवली. मग ताईंना कळवले, “वरच्यावर नेली.” ताई खूश, नितेश खूश. राजापूरची गाण्यांची डिस्क भंगारात गेली, वहीपुरता भाऊ तेवढा तिथे राहिला. पुढे नितेशला बोटीवर नोकरी लागली आणि तोही गेला. मला मात्र कोणी काहीच सांगितले नाही. माझ्या वहीत दोनशे चौदापुढे ‘राजापूर’ तसेच राहिले. भावांच्या वह्यांतही तेच. वर्षभर ती पेटी कोणी मागितलीच नाही आणि आम्ही तिघेही अगदी एकमताने चुकत होतो.

यंदा वैशाखात एका शनिवारी यमुनाबाई आणि त्यांची लेक सानिका संस्थेत आल्या. हळद लावण्याआधी बायका जाते-मुसळ पुजून ओव्या म्हणतात, त्याला आमच्याकडे घाणा भरणे म्हणतात. पंचक्रोशीतला असा एक घाणा नसेल, जिथे यमुनाबाईंचा आवाज लागला नाही. पण वर्षापूर्वी त्यांच्या घशाचे ऑपरेशन झाले आणि तो आवाज कायमचा गेला.

“मॅडम, परवा माझी हळद आहे,” सानिका म्हणाली. “आयेनं अख्ख्या गावातल्या पोरींचे घाणे म्हटलेन. आता माझ्या वेळेला तिचा आवाज नाय. सात वर्षांपूर्वी तुम्ही भरून घेतलेला, तो तेवढा द्या.”

तो घाणा दोनशे चौदा क्रमांकाच्या पेटीत होता. ताईंनी मला विचारले, “दोनशे चौदा?”

मी छाती पुढे काढून सांगितले, “राजापूर.”

“राजापूर कसं असेल रे? ती डिस्क तर गेली,” असे म्हणत ताईंनी खेडला फोन लावला. खेडला पेटी नव्हती. ताईंचा चेहरा उतरला. सानिका रडायला लागली. यमुनाबाई काही बोलू शकत नव्हत्या. त्यांनी लेकीच्या पाठीवरून हात फिरवला आणि ताईंकडे पाहून ‘राहू दे’ अशी मान हलवली. मित्रांनो, मला त्या क्षणी पुन्हा त्या कापडाखाली जावेसे वाटले.

दुसऱ्या एखाद्याने मला मोडीत काढले असते. ताईंनी माझी वही पहिल्या पानापासून तपासली. दोनशे चौदा हलल्याची नोंदच नाही, हे त्यांच्या लक्षात आले. “या गरिबाला कोणी सांगितलंच नाही गो,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी नितेशला निरोप धाडला. त्याची बोट रविवारी सकाळी बंदराला लागली, तेव्हा त्याचा फोन आला. दोघी मायलेकी आठ वाजल्यापासून येऊन बसल्या होत्या.

“अवो ताई, तुम्हीच म्हणालात ना, वरच्यावर हलव? मी वरच्या मजल्यावर ठेवलीय. खोक्यांच्या मागं बघा.”

“अरे, वरचा म्हणजे खेड रे!”

“ते मला कुणी सांगितलंन?”

ताईंनी कपाळाला हात लावला आणि त्या जिना चढल्या. म्हणजे वर्षभर ती पेटी माझ्या डोक्यावर होती आणि मी वहीत ‘राजापूर’ धरून बसलो होतो! तो संगणक खाली आणून माझ्या शेजारी ठेवला. खाऱ्या हवेने त्याला पुरता गंज चढला होता. पहिल्यांदा सुरू केला, हूं की चूं नाही. ताईंनी तारा काढल्या, पुसल्या, पुन्हा लावल्या. दुसऱ्यांदा नुसताच दिवा लागला. तिसऱ्यांदा त्याचा पंखा घरघरला आणि खोलीत एक आवाज उमटला.

इतकी वर्षे मी लोकांना गाण्यांचे पत्ते दिले, पण गाणे ऐकले ते त्या दिवशी पहिल्यांदा. सुरुवातीला सात वर्षांपूर्वीच्या यमुनाबाई ताईंना म्हणत होत्या, “नवरीचं नाव घेतल्याबिगर घाणा म्हणू नये, बाय. आता नवरी कुठून आणू? थांब, माझ्या पोरीचंच घालते.” आणि मग ओवी सुरू झाली. प्रत्येक ओवीत नाव होते सानिकाचे.

सानिका तेव्हा सोळा वर्षांची होती. तिला यातले काहीच ठाऊक नव्हते. तिने आईचा हात घट्ट धरला. यमुनाबाईंचे ओठ गाण्याबरोबर हलत होते, एकही शब्द न चुकता. ताई तोंड फिरवून माझा पंखा पुसू लागल्या, तो शनिवारीच पुसलेला होता तरी.

संध्याकाळी ताईंनी तो संगणक आम्हाला जोडला आणि रीतसर हुकूम देऊन दोनशे चौदा खेडला हलवली, माझ्या वहीतला पत्ताही बदलला. त्या दिवसापासून आमच्याकडे ‘वरचा’ आणि ‘खालचा’ हे शब्द बंद झाले. सरळ गावाचे नाव घ्यायचे.

मित्रांनो, तुम्हीही घरात वस्तू हलवता. कात्री, किल्ली, आजोबांचा चष्मा. जरूर हलवा, पण ज्याला सगळे विचारतात त्याला सांगून हलवा. तो खोटे बोलत नसतो. तुम्ही शेवटचे जे सांगितलेत, तेच तो जपून बसलेला असतो.

सोमवारी सानिकाची हळद झाली. तिच्या मैत्रिणी, मावश्या, आत्या, सगळ्यांना तो घाणा ऐकायचा होता. एका दिवसात एकशे बारा वेळा मला दोनशे चौदाचा पत्ता विचारला गेला. मी एकशे बारा वेळा सांगितले, खेड. आणि प्रत्येक वेळी ती तिथेच होती.