गॅरेजमधली जागा

"आज तू तोंड उघडायचं नाहीस," लव्हॉन म्हणाली. "ती विचारेल तेवढंच सांगायचं. आणि गंज हा शब्द तर काढायचाच नाही."

"तिनेच विचारलं तर?" डेल्बर्ट म्हणाला.

"तर कॉफी घेणार का म्हणून विचार."

मी गॅरेजच्या दाराशी उभा राहून हे ऐकत होतो. माझं नाव ग्लेन, मी या नवराबायकोच्या समोरच्या घरात राहतो, आणि गाडी ढकलायला एक माणूस जास्त लागेल म्हणून मला बोलावून घेतलं होतं. आधीची दोन गिऱ्हाइकं डेल्बर्टने स्वतःच पळवून लावली होती. एकाला त्याने जमिनीवर आडवं करून, बॅटरीच्या उजेडात गाडीच्या पोटाची भोकं दाखवली. दुसऱ्याला तर सांगितलं, की बाबा रे, तुझे हात फार मऊ आहेत, तू मासेमारीची होडी घे. आता मात्र वेळ संपत आली होती. घर विकलं गेलं होतं. शनिवारी किल्ल्या द्यायच्या आणि दोघांनी मुलीच्या गावी, दोन खोल्यांच्या जागेत राहायला जायचं. तोवर गाडी गेली नाही, तर शुक्रवारी भंगारवाला येऊन ती उचलणार होता.

गाडी सत्तर सालची. कंपनीचं नाव मी घेत नाही. आमच्याकडे एका कंपनीचं नाव घेतलं की दुसऱ्या कंपनीवाले चर्चच्या आवारातसुद्धा भांडायला येतात. मोठं इंजिन, हाताने बदलायचा गिअर आणि तो जांभळा रंग, हे तिन्ही एकत्र असलेल्या गाड्या कारखान्यातून फार थोड्या निघाल्या. त्यातली एक डेल्बर्टला एका शेतावर, कोंबड्यांच्या खुराड्यामागे सापडली. घरी आणल्यावर पहिल्याच हिवाळ्यात त्याने ती, इंजिन, दारं आणि चाकं सोडून, सगळी सुटी केली. हीच चूक आमच्याकडचे सगळे करतात. सुटी करायला फार मजा येते. बोल्ट, पट्ट्या, बिजागऱ्या कॉफीच्या रिकाम्या डब्यांत भरल्या, डब्यांवर कागदी पट्ट्या चिकटवून नावं लिहिली आणि पुढच्या वर्षी जोडू म्हणून डबे फळीवर ठेवून दिले. वर्षं गेली, डिंक वाळला. आता डबे एकीकडे आणि नावांच्या पट्ट्यांचा ढीग दुसरीकडे, अशी स्थिती होती.

तिसरं गिऱ्हाईक, ब्रिटा, आली ती मागे सपाट गाडा लावलेला ट्रक घेऊनच. तिशीची, रुंद खांद्यांची मुलगी. दुलूथ बंदराच्या गोदीत जहाजांच्या पत्र्यांचं वेल्डिंग करते, म्हणाली. आल्या आल्या तिने खिशातून चुंबक काढलं. गंजावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वर रंग मारला असेल, तर तिथे चुंबक चिकटत नाही. जुनी गाडी बघायला जाणारा माणूस ते खिशात घालूनच घराबाहेर पडतो.

डेल्बर्टने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"ठेव ते खिशात, पोरी," तो म्हणाला. "डावं दार चांगलं आहे. उजव्या दाराचा खालचा भाग निव्वळ लांबी. डिकीचा तळ नाही."

"नाही म्हणजे?"

"म्हणजे नाही. जमीन दिसते. आणि चालकाच्या पायाखालीही तीच कथा." मग त्याला बायकोची आठवण झाली. "कॉफी घेणार?"

ब्रिटा हसली. तिने खाली वाकून बघितलं, इंजिनावरचा आकडा बॅटरीच्या उजेडात वाचला, सांगाड्यावरचा आकडा वाचला. दोन्ही जुळले. म्हणजे गाडी कारखान्यातून निघाली त्याच इंजिनासकट अजून आहे, आणि या धंद्यात त्याला फार किंमत आहे. तिचा चेहरा उजळला. डेल्बर्टचाही उजळला. मग दोघं मिळून अर्धा तास डबे उघडत बसले. "हा कशाचा असेल?" ती विचारायची. "खिडकीचा," तो ठामपणे सांगायचा, आणि थोड्या वेळाने, "किंवा सीटचा."

मी आपला उभा. अशा वेळी मध्ये बोलू नये.

शेवटी ती उठली, हात पँटला पुसले आणि म्हणाली, "एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार की."

"मी आत्तापर्यंत तीन गाड्या बघितल्या. तिघांनीही सांगितलं, डोळे मिटून घे, सोनं आहे. तुम्ही माझ्या जागी असतात, आज, सगळं माहीत असताना, तर घेतली असतीत?"

डेल्बर्टने टोपी काढली, पुन्हा घातली. त्याचं खोटं बोलणं मी आयुष्यात एकदाच ऐकलंय, तेही माशाच्या लांबीबद्दल.

"नाही," तो म्हणाला. "नसती घेतली. दुरुस्तीला जेवढे घालशील, तेवढ्यात चकचकीत, चालू स्थितीतली मिळेल. वर पैसे उरतील. आणि आयुष्यही उरेल. तोट्याचा सौदा आहे, पोरी."

घरातून गॅरेजमध्ये उतरायच्या दारात लव्हॉन उभी होती. हातात लिंबाच्या वड्यांचं ताट. ती केव्हा आली, कुणालाच कळलं नाही. तिने ताट शांतपणे बाकावर, डब्यांच्या मधोमध ठेवलं.

"काय म्हणालास?"

"तिने खरं विचारलं, लव्हॉन."

"मी पण विचारते. तोट्याचा सौदा?"

"म्हणजे, तसा हिशेब केला तर..."

"मी शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होते," ती ब्रिटाकडे वळून म्हणाली, पण बोलत होती नवऱ्याशीच. "दिवस उजाडायच्या आधी भट्ट्या पेटवाव्या लागायच्या. माझी गाडी बाहेर अंगणात, कारण आत ही महाराणी. तीस हिवाळे मी अंधारात उभी राहून काचेवरचा बर्फ खरवडला. बोटं फुटायची. त्याच बोटांनी दोनशे पोरांसाठी कांदा चिरायचा. माझी बहीण म्हणायची, फेकून दे तो सांगाडा. मी तिच्याशी भांडले. म्हटलं, तुला काय कळतं, डेल काहीतरी मोठं करतोय. आणि आता हा म्हणतो, तोट्याचा सौदा!"

"तू कधी बोलली नाहीस," डेल्बर्ट म्हणाला.

"बोलायला हवं होतं?"

"मला वाटलं... मला वाटलं तुला गाडी घराच्या दाराजवळ लावलेली बरी पडते. चार पावलं कमी चालायला लागतात म्हणून."

आता हे ऐकून बाहेरच्या माणसाला हसू येईल. मला नाही आलं. आमच्या भागात कुणी काही मागत नाही. ताटातली शेवटची वडी वाळून दगड होते, पण कुणी हात लावत नाही, आणि ज्याला हवी असते तो सगळ्यात आधी 'पोट भरलं' म्हणतो. तिने जागा मागितली नाही, त्याने विचारली नाही. दोघांनीही समोरच्याची मर्जी राखली, असंच दोघांना वाटत होतं. मला त्या दोघांचं फार वाईट वाटलं. लव्हॉनचं जास्त.

ब्रिटा बिचारी अवघडून गेली होती. "मी नंतर फोन करते," म्हणून ती ट्रककडे वळली.

"थांब," लव्हॉन म्हणाली. "वडी खा आधी."

"नको, पोट भरलंय."

"खा म्हणते ना."

ब्रिटाने वडी घेतली. लव्हॉनने कपाळावरचे केस मागे सारले. तिचा आवाज आता नेहमीसारखा झाला होता, शाळेतल्या पोरांना रांगेत उभं करायची तसा.

"घरी कोण आहे?"

"नवरा. टॉबी."

"त्याला सकाळी लवकर निघावं लागतं?"

"हो. तो इस्पितळात रात्रपाळी, दिवसपाळी, काहीही करतो."

"गॅरेज केवढं?"

"एका गाडीचं."

"मग ही कुठे ठेवणार?"

ब्रिटाने तोंडातली वडी गिळली. "गोदीतल्या एकाची शेड आहे, ती भाड्याने घेतलीय. टॉबी म्हणाला, गॅरेज सोडून काय वाटेल ते कर."

"असं तोंडावर म्हणाला?"

"हो. ओरडून म्हणाला."

"चांगला मुलगा आहे," लव्हॉन म्हणाली. "मग घे. पत्र्याचं काम तुला येतं, ते याला कधीच आलं नाही. डबे सगळे घेऊन जा. आणि किती हिवाळे देणार ते आजच टॉबीला सांगून ठेव. त्याच्या पुढे एकही नाही. तेव्हा झालेली असो वा नसो, विकून टाकायची."

डेल्बर्टने गाडीच्या टपावर हात ठेवला होता, आणि तो गाडीकडे नाही, बायकोकडे बघत होता.

ब्रिटाने विचार केला. चुंबक खिशातून काढून उगाच बोटांत फिरवलं. "दोन हिवाळे," ती म्हणाली. "घेते."

मग आम्ही ढकलली. चाकं तेवढी शाबूत होती. डेल्बर्टने स्टिअरिंग धरलं, मी आणि ब्रिटा मागे, आणि थोड्या वेळाने माझ्या शेजारी लव्हॉनही येऊन लागली. गाड्यावर चढवताना ती एवढ्या जोराने रेटत होती, की मला वाटलं, हिला गाडी चढवायची आहे की गावाबाहेर काढायची आहे. दोन्ही असेल. गाडी बांधून झाली, डबे खोक्यांत गेले, पट्ट्यांचा ढीगसुद्धा ब्रिटाने एका पिशवीत भरून घेतला. ट्रक वळणाआड गेला, तसा डेल्बर्ट झाडू घेऊन आला आणि गॅरेज झाडायला लागला. दोन दिवसांनी सोडायचं घर, पण तो कोपरान्‌कोपरा झाडत होता. अंधार पडल्यावरही आतला दिवा चालू होता.

सकाळी उठलो तर बर्फ. एप्रिल संपत आला तरी आमच्याकडे तो पडतो, त्यात नवल नाही. रात्री आधी पाऊस पडून मग गोठलं होतं, म्हणजे सगळ्यात वाईट प्रकार. मला दात दाखवायला जायचं होतं, म्हणून मी अंगणात उभा राहून काच खरवडत होतो आणि मनातल्या मनात शिव्या घालत होतो.

समोरच्या गॅरेजचं दार वर गेलं. आतून लव्हॉनची करडी गाडी मागे मागे बाहेर आली. काचा कोरड्या, टपावर बर्फाचा कण नाही. डेल्बर्ट घरातल्या सपाता घालूनच बर्फात उभा राहून दोन्ही हातांनी 'ये, ये' करत होता. लव्हॉनने चर्चला जायचा कोट घातला होता.

"एवढ्या सकाळी कुठे?" मी ओरडून विचारलं.

तिने काच खाली केली. "कुठे नाही," म्हणाली.

ती कोपऱ्यापर्यंत गेली, तिथे सावकाश वळली, परत आली आणि गाडी पुन्हा आत नेऊन लावली. डेल्बर्टने सपातांवरचा बर्फ झटकला आणि दार खाली ओढून घेतलं.