बाबांसाठी सिंह

"बॅग मग उघड. आधी बस जरा," प्रबोध म्हणाला.

नीलिमा कसली बसतेय? पासिर रिसच्या आपल्या फ्लॅटमध्ये पाऊल टाकल्यापासून तिच्या तोंडाचा पट्टा चालू होता. हत्तीचं पिल्लू, तंबूतला बाथटब, अंथरुणात कुणीतरी गुपचूप ठेवून गेलेली गरम पाण्याची पिशवी, अंधार पडला की जेवायला न्यायला येणारा भालेवाला मसाई. लग्नाच्या पंचविशीची ही नवराबायकोची सफारी. जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासणाऱ्या बाईला एकदा राणीसारखं राहायचं होतं आणि ती राहिली होती. कुणाच्या पोटात का दुखावं?

परीक्षेमुळे मागे राहिलेली ऋता दारातच आईच्या गळ्यात पडली होती, ती सोडायलाच तयार नव्हती.

"अगं, आठवडा तरी झाला का मला जाऊन?" नीलिमा हसली. "सोड. बाबांना फोन लावते. चहा झाला असेल त्यांचा."

बाबा पुण्यात, उल्हासदादाकडे. काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले. निघायच्या आधी ती म्हणाली होती, रोज फोटो पाठवीन. तर म्हणाले, "फोटो घेऊन मी काय करू? मला सिंह ऐकव." बस, तेवढंच मागितलं होतं. म्हणून रोज पहाटे, बाकीची मंडळी कॉफीचे मग घेऊन कुडकुडत असताना, ही बया जीपच्या काठावरून हात बाहेर काढून फोन धरून बसायची. ड्रायव्हरने दोनदा हटकलं. मंगळवारी सिंह गरजला. शेवटी तिने फोनमध्ये हळूच विचारलं, "ऐकलात का हो बाबा?" वायफाय फक्त लॉजच्या ऑफिसात, तिथून नाश्त्याच्या वेळी पाठवला. लगेच उत्तर आलं: ऐकला. छान.

टाइप केलेलं. बाबा कधी टाइप करत नसत, आधी खाकरायचे आणि मग बोलून पाठवायचे. तिला ते खटकलंही होतं. पण समोर गरम पॅनकेक आले. दादाने लिहिलं असेल म्हणून तिने मध ओतून घेतला.

"फोन नको लावूस," प्रबोध म्हणाला. "नीलू, बाबा गेले."

तिने मोबाइल खाली ठेवला नाही.

"कधी?"

"मंगळवारी. पहाटे, झोपेतच."

"मंगळवारी आपण सिंह..." ती थांबली. "तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. दादांचा फोन आला होता लॉजच्या ऑफिसात."

म्हणजे त्या संध्याकाळी नदीकाठी जेवण होतं तेव्हा याला माहीत होतं. डोकं दुखतंय म्हणून ताट सरकवून बसला होता. "वय झालं तुझं," असं चिडवत त्याच्या वाटचं पुडिंगही तिनेच संपवलं होतं.

"मामा सेड डोन्ट टेल, आई," ऋता रडत म्हणाली. "आजोबांनीच सांगून ठेवलं होतं. आय वाँटेड टू, पण..."

तिच्या माहेरची ही रीतच. बाहेरगावी गेलेल्या माणसाला वाईट बातमी कळवायची नाही. घरी येऊन तो पाणी पिईपर्यंत सगळ्यांनी दात चावून गप्प राहायचं. मावशी गेली तेव्हा टूरवर असलेल्या दादाला नीलिमानेच चार दिवस थापा मारल्या होत्या. तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं होतं. आता कुणावर ओरडायचं? ओरडायचा हक्क ज्याच्यावर होता, तोच माणूस राहिला नव्हता.

तिने दादाला फोन लावला.

"लेकीला तीन दिवसांचं सुतक," तो म्हणाला. "ते होऊन गेलं गं. गुरुजी म्हणाले, कळल्यावर डोक्यावरून आंघोळ केली की झालं."

"झालं," नीलिमा म्हणाली. बापाचं सुतक तिने गळ्यात दुर्बीण अडकवून, गोडाधोडाचं खाऊन संपवलं होतं. "दादा, एकच सांग. बाबांनी सिंह ऐकला का? आता खोटं बोलू नकोस."

"त्यांचा फोन माझ्या खिशात होता. आम्ही वैकुंठ स्मशानात होतो तेव्हा. वाजला, मला वाटलं कुणी पाव्हणा पत्ता विचारतोय. लावला, तर हा सिंह. सगळी माणसं वळून बघायला लागली."

"मग?"

"मग आत न्यायच्या आधी मी तो परत लावला. त्यांच्या कानाशी धरून. तू शेवटी बोलतेस ना, तिथपर्यंत. काय उत्तर लिहू तुला? तेच लिहिलं."

नीलिमाने फोन ठेवला. घड्याळ काढून ऋताच्या हातात दिलं आणि अंगावरच्या प्रवासाच्या कपड्यांनिशीच बाथरूममध्ये जाऊन शॉवरखाली उभी राहिली. पाणी डोक्यावरून, खाकी शर्टावरून, पँटच्या खिशांमधून खाली आलं आणि पांढऱ्या फरशीवर तांबडं झालं. सकाळ-संध्याकाळच्या जीपमधली धूळ. प्रबोध टॉवेल घेऊन दाराबाहेर उभा राहिला. बराच वेळ गेला तरी जाळीकडे जाणारं पाणी काही निवळेना.