सासूबाईंचा फरचा कोट

विनिताने कोट विकायला काढला, तेव्हा घरात कोणालाच सांगितलं नाही. तसा तो तिचाच होता. मेलबर्नला यायचं ठरलं तेव्हा सासूबाईंनी तिला दिला होता. "तिकडे थंडी असते म्हणतात. इथे नुसता डांबरगोळ्या खातोय," असं म्हणाल्या होत्या.

मेलबर्नच्या ग्लेन वेव्हर्ली उपनगरातल्या घरी तो इतकी वर्षं गेस्टरूमच्या कपाटात टांगलेला होता. तपकिरी, जड, गुडघ्याखाली येणारा. विनिताने तो एकदाच, ऑफिसच्या डिनरला घातला होता. तिथल्या एका मुलीने हात लावून विचारलं, "खरी फर आहे?" आणि हात पटकन मागे घेतला. त्यानंतर तो बाहेर निघाला नाही. विनिताची मुलगी ओवी तर सरळ म्हणायची, "इट्स डेड अ‍ॅनिमल्स, मम."

सासूबाई, सुनेत्राताई, पुण्यात वारल्या. वर्षश्राद्ध झाल्यावर सासरे पद्माकर मुलाकडे चार दिवस राहायला म्हणून आले आणि विमानं बंद झाल्यामुळे अडकले. त्या कपाटाच्या खोलीतच ते झोपायचे. जूनमध्ये कोरोनाचे निर्बंध जरा सैल झाले, तेव्हा अख्ख्या गल्लीने आवराआवर काढली होती. विनितानेही ऑनलाइन जाहिरात टाकली, ‘जुना फरचा कोट, उत्तम स्थितीत.’ दोन दिवसांत एकच प्रतिक्रिया आली, तीही ‘लाज वाटायला हवी’ अशी.

तिने जाहिरात पुन्हा लिहिली. कोट मॉस्कोचा होता, एवढं खरं होतं. पद्माकर कारखान्याच्या ट्रेनिंगला तिकडे गेले असताना त्यांनी तो बायकोसाठी आणला होता. पण विनिताने लिहिलं की तिची दिवंगत सासू गायिका होती, मॉस्कोच्या थिएटरांत गायची आणि कार्यक्रम संपल्यावर हा कोट घालून बर्फातून घरी जायची. लिहिताना तिला मजा आली. आपण कोणाचं काय बिघडवतोय, असं तिला वाटलं नाही. तासाभरात चौकशा सुरू झाल्या.

ब्रॉन्विन नावाच्या बाईने कोट घेतला. शनिवारी संध्याकाळी येऊन नेते म्हणाली. विनिताने तो काळ्या कचऱ्याच्या पिशवीत घालून गॅरेजमध्ये ठेवला. पद्माकर त्या वेळी फिरायला जात असत.

पण ब्रॉन्विन शुक्रवारीच दुपारी आली. विनिता डायनिंग टेबलावर ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलत होती, कॅमेरा चालू होता. दार पद्माकरांनी उघडलं. खिडकी थोडी उघडी होती, त्यामुळे ड्राइव्हवेवरचं सगळं तिला दिसत होतं आणि ऐकूही येत होतं.

"मी कोट न्यायला आलेय," ब्रॉन्विन लांब उभी राहून म्हणाली. पन्नाशीची, मास्क लावलेली बाई. "तुमच्या बायकोचा ना? खूप वाईट वाटलं ऐकून."

कपाटातून नाहीसा झालेला कोट कुठे आहे, हे पद्माकरांना माहीत असावं. ते सरळ गॅरेजमध्ये गेले. बाहेर आले तेव्हा हातात ती काळी पिशवी होती. त्यांनी तिची गाठ सोडली, कोट बाहेर काढला, झटकला, बाहीवर हात फिरवला. "वन मिनिट, मॅडम," म्हणून ते घरात आले, विनिताच्या मागून खोलीत गेले आणि स्वतःची धुतलेली चादर घेऊन परत गेले. जाताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. स्क्रीनवर कोणीतरी तिला प्रश्न विचारत होतं. तिने काहीतरी उत्तर दिलं.

"प्लास्टिकमध्ये ठेवू नका," ते चादरीत कोट गुंडाळत मोडक्या इंग्रजीत सांगत होते. "हवा लागते त्याला. इस्त्री नाही."

"माझी आई नर्सिंग होममध्ये आहे," ब्रॉन्विन म्हणाली. "आयुष्यभर चर्चमध्ये गायली. आता आत सोडत नाहीत, खिडकीच्या काचेतून भेटतो. हा कोट घालून जाईन. एका गायिकेचा आहे म्हटल्यावर खूश होईल. तुमची बायको खरंच मॉस्कोत गायची?"

विनिताने माइक बंद केला. उठायला हवं होतं, पण ती उठली नाही.

"येस," पद्माकर म्हणाले. "व्हेरी स्वीट व्हॉइस."

गाडी गेली. ते आत आले आणि चहाचं आधण ठेवलं. मीटिंग संपल्यावर विनिता स्वयंपाकघरात गेली, तेव्हा त्यांनी तिच्यासाठीही कप भरून ठेवला होता.

"बाबा, मी तुम्हाला विचारायला हवं होतं."

"तुझा होता तो. तिने तुला दिला होता." त्यांनी चहाचा घोट घेतला. "पण गाणं कशाला?"

विनिताने तिचा कप हातात घेतला.

"टेलिफोन ऑफिसात होती ती. पंचवीस वर्षं लोकांचे ट्रंक कॉल जोडले. मी तिकडे होतो तेव्हा मुंबईच्या ऑपरेटर मैत्रिणीला गळ घालून तिने एकदा मॉस्कोला फोन लावला. सगळा वेळ दोघं नुसतं ‘ऐकू येतंय का, ऐकू येतंय का’ करत राहिलो. फोन तुटला. दुसऱ्या दिवशी मी जाऊन तो कोट घेतला." त्यांनी कप खाली ठेवला. "टेलिफोन ऑफिस लिहिलं असतंस तरी चाललं असतं गं."

"मला हे माहीत नव्हतं."

"कधी विचारलंच नाहीस." हे ते रागाने म्हणाले नाहीत. "त्या बाईला नाही कसं म्हणणार? इतक्या आशेने विचारत होती. पण सुनेत्राबद्दल मी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोललो. ती गेल्यावर."

रात्री विनिताने नवऱ्याला, अवधूतला सगळं सांगितलं. त्याने दिवा मालवला. मग म्हणाला, "आईला सूरसुद्धा धरता यायचा नाही," आणि कूस बदलली.

रविवारी ब्रॉन्विनने फोटो पाठवला. ती कोट घालून खिडकीबाहेर उभी होती आणि काचेमागे व्हीलचेअरवर एक म्हातारी दोन्ही हात काचेवर टेकवून हसत होती. खाली लिहिलं होतं, ‘आईने सगळ्या नर्सेसना सांगितलंय.’

विनिताने फोटो मिटवला नाही आणि कोणाला दाखवलाही नाही. दुसऱ्या दिवशी तिने ब्रॉन्विनला फोन केला. सासू टेलिफोन ऑपरेटर होती, मॉस्को तिने कधी पाहिलंही नव्हतं, कोट परत घ्यायला मी तयार आहे, असं एका दमात सांगून टाकलं. मॉस्कोला लावलेल्या त्या फोनची गोष्टही सांगू लागली.

ब्रॉन्विनने तिला मध्येच थांबवलं. "पण तुमचे सासरे तर हो म्हणाले."

"माझी अब्रू राखायला म्हणाले."

"कोट राहू दे," ब्रॉन्विन म्हणाली. "आईला मी काही सांगणार नाही. म्हणजे आता हे मलाच सांभाळायचं. तुम्ही मला सांगितलं नसतं तर बरं झालं असतं." आणि तिने फोन ठेवला.

पद्माकर मागच्या अंगणात उन्हात बसून मेथी निवडत होते. विनिता त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मी त्या बाईला खरं सांगितलं. कोट परत देत नाही म्हणाली."

"असू दे," ते म्हणाले. "कोणीतरी घालतंय."

त्यांनी शेजारची खुर्ची तिच्यासाठी पुढे सरकवली. विनिताला बसवेना. ती तशीच, हात पुढे बांधून उभी राहिली. ते एकेक काडी खुडत राहिले.