डावाने थांबवलेलं विमान

नदीकाठी दोनशे माणसं माना वर करून उभी होती. पलीकडे विमान कारखान्याची धावपट्टी. वेनियामिन बुवाने तळवा उंचावला, "थांब" म्हणाला, आणि गर्जत आलेलं लढाऊ विमान खरोखर शेपटीवर उभं राहिलं, जागच्या जागी फिरलं आणि सावरून निघून गेलं. बायकांनी छातीवर क्रूस काढले.

"लोखंड माझं ऐकतं," बुवा म्हणाला. "मग तुमच्या रक्तातली साखर कोण लागून गेली?"

रिम्मा अर्काद्येव्ना गर्दीतून हे बघत होती. त्या विमानाच्या इंजिनाचा मागचा भाग तिच्याच खात्यात बनायचा. पण कारखान्यात प्रत्येकाने गुप्ततेच्या कागदावर सही केलेली. घरीसुद्धा अवाक्षर काढायचं नाही. निम्मं गाव खरं जाणून गप्प होतं आणि त्यावरच बुवाचं दुकान जोरात चाललं होतं.

तिची धाकटी बहीण लीदा त्याने फुंकलेलं पाणी लेकीला पाजत होती. नऊ वर्षांच्या युल्काचं इन्सुलिन दोन दिवस बंद होतं. पोर आईच्या अंगावर कलंडली होती, तिच्या श्वासाला सडक्या सफरचंदाचा वास येत होता.

"लीदा, तिला आत्ता सुई दे," रिम्मा म्हणाली.

"मग तू सांग, विमान कसं थांबतं? एवढी इंजिनियर ना तू?"

गर्दीत करड्या कोटातला एक माणूस रिम्माकडेच बघत होता. तेवढ्यात धावपट्टीच्या टोकाला पुन्हा अग्निशमनाची गाडी येऊन थांबली आणि बुवाने घसा खाकरला. अशा उड्डाणाआधी ती गाडी नेहमी येते, हे रिम्माला माहीत होतं. बुवालाही माहीत होतं तर.

तिने शेजारी सूप विकणाऱ्या बाईच्या पातेल्यातला डाव उचलला. "या खेपेला मी थांबवते."

विमान आलं. तिने डाव उगारला. विमान उभं राहिलं.

लोक हसले, मग वळून बुवाकडे बघू लागले.

"गाडी आली की समजायचं, कसरत होणार," रिम्मा म्हणाली. "इंजिनाच्या मागचं तोंड वळतं. बागेतल्या नळीचं तोंड मुरडलं की नळी उलटीकडे उसळते ना, तसंच. शेपटी खाली ढकलली की नाक वर."

करडा कोट पुढे आला. "सही केली होती ना, बाई?"

"मी केली होती. या पोरीने नाही." मग ती बहिणीकडे वळली. "माझंही नुसतं ऐकू नकोस, लीदा. डॉक्टरला विचार. कसं, का, सगळं विचार."

लीदा युल्काला उचलून दवाखान्याकडे धावली.

वाचकहो, विचारायला माणसं घाबरतात तिथे बुवाला फार कष्ट पडत नाहीत. म्हणून विचारत राहा. युल्का वाचली. रिम्मा मात्र कारखान्यात पुन्हा दिसली नाही, आणि ती कुठे गेली हे कुणी विचारलं नाही.