कोरडे गाल

काडीचं टोक बोथट झालं होतं. झावळीच्या शिरेची वीतभर काडी, सोलली तेव्हा हिरवी होती, आता पिवळी पडून तिच्यावर हाताचा काळपट रंग चढला होता, आणि मानेमागची खाज मात्र तिथंच होती... काडी पोचते त्याच्या बोटभर पलीकडे. नखं लावायची नाहीत. विधवेनं स्वतःचं अंग स्वतःच्या हातानं खाजवायचं नाही, आंघोळ करायची नाही, अंगावरचं एकच लुगडं बदलायचं नाही, चटईवरून उठायचं ते मान खाली घालून. हे सगळं अतिमला जमत होतं. रडणं तेवढं जमत नव्हतं.

पहाटे कोंबडा आरवला की दोघी सवतींनी नवऱ्याचं नाव घेऊन गळा काढायचा, कॅलबार गावातल्या त्या चढावरच्या सगळ्या घरांनी तो ऐकायचा. थोरली इक्वो काय रडायची! एक्पेन्योंग, तुझी होडी कुणी वल्हवायची, एक्पेन्योंग, तुझ्या ताटात कुणी वाढायचं... आणि खरोखरच हनुवटीवरून थेंब टपटपायचे. अतिमच्या तोंडून नुसता आवाज निघायचा, रिकाम्या पिंपावर थाप मारल्यासारखा.

आज पहाटे वन्सं दिवा घेऊन आत आल्या. इनयांग वन्सं, मेलेल्या माणसाची एकुलती एक बहीण. त्यांनी अतिमची हनुवटी वर उचलली आणि दोन्ही गालांवरून अंगठा फिरवला, बाजारात वाळकी मासळी चाचपतात तसा.

"कोरडे," त्या म्हणाल्या. "माझा भाऊ मातीत गेला आणि हिचे गाल कोरडे."

"वन्सं, मी रडतेय की. आवाज ऐकलात ना?"

"आवाज बोकडही काढतो. आता गोऱ्या साहेबानं बंदी केली म्हणून, नाहीतर आमच्या आजीच्या काळात तुला विषाची बी उगाळून पाजली असती. जगलीस तर निर्दोष. संध्याकाळी परत येते मी. गाल ओले दिसले नाहीत, तर शोक संपल्यावर तू एकटी जा तुझ्या बापाच्या घरी, क्रीक टाउनला. मायेन इथंच राहील. ज्या बाईनं नवऱ्याला खाल्लं, तिच्या हाती मी भावाची मुलगी देणार नाही."

आणि बोलता बोलता त्यांनाच रडू फुटलं. वन्संना मूल नव्हतं. मायेनचे डोळे त्यांच्या भावाचे होते, हे त्या येता-जाता सगळ्यांना सांगायच्या.

...तर संध्याकाळपर्यंत. भिंतीवरचा उन्हाचा पट्टा हळूहळू खाली सरकत होता.

"अगं पोरी," इक्वो चटईवरून कण्हत म्हणाली, "त्याच्यासाठी रडायला जाऊ नकोस, जमायचं नाही. मी कुठं त्याच्यासाठी रडते? मी माझे गुडघे आठवते."

"गुडघे?"

"तर काय! लग्नाच्या वेळी कसले गुडघे होते माझे! रीतीप्रमाणे सहा महिने खोलीत बसवून, खाऊपिऊ घालून, चांगली गुबगुबीत करून बाहेर काढलं होतं मला. नाचले तर अख्खी आळी बघायला. आणि आता उठताना बघ, दार वाजल्यासारखे वाजतात. हे मनात आणलं की पाणी येतंच डोळ्यांत. तूही शोध काहीतरी आपलं."

आपलं काहीतरी. अतिमनं मान फिरवली. ते होतंच. मनाच्या कोपऱ्यात, लावून घेतलेल्या दारामागं. तिकडं जायचं नव्हतं.

त्यापेक्षा नवरा आठवावा. एक्पेन्योंग, एक्पेच्या, पुरुषांच्या त्या गुप्त मंडळाच्या, सभेला जाताना निळं कापड नेसून ऐटीत पायऱ्या उतरणारा... रश्श्यातली गोगलगाय चोखून खाणारा, शंख ताटाच्या कडेला ओळीनं मांडणारा... आजारपणात तापानं बडबडणारा, पाम तेलाचे भाव सांगणारा. वाईट नव्हता. मारलं नाही कधी. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं, तो गेला तेव्हा ते जड झालं, आणि माझ्या मनात आलं, पायाला मुंग्या आल्यात. एवढंच आलं मनात. काय करू?

खिडकीत खुडबुड झाली. मायेनचं डोकं वर आलं, मग हात, हातात ताजी हिरवी काडी.

"आई, ही घे. टोक मी दगडावर घासून केलंय. आणि ऐक, मिरची आणू? डोळ्याला लावलीस की धो धो पाणी."

"आत्या वास घेऊन बघेल."

"मग कांदा?"

"त्याचाही वास येतो गं, शहाणे."

मायेननं विचार केला. "मी पडते ना, तेव्हा लागलेलं असलं तरी आधी रडू येत नाही. कुणी विचारलं की मग येतं. तुला कुणी विचारलंच नसेल." बाहेरून वन्संची हाक आली आणि डोकं खाली गेलं.

विचारलं नाही. खरंच, कुणीच नाही.

मायेनच्या आधीचा तो मुलगा. दात यायचे होते. नदीला पूर आला होता त्या दिवसांत दोन रात्री तापला आणि तिसऱ्या सकाळी... नको. तेव्हा एक्पेन्योंग म्हणाला होता, एवढ्याशा पोरासाठी घर डोक्यावर घ्यायचं नाही, दुसरं होईल. आणि ती गप्प बसली. ते रडणं आत राहिलं, तसंच, न हाताळलेलं. तिच्या मालकीचं म्हणावं असं या घरात तेवढंच होतं. आणि आता तेच काढून त्याच्यापुढं ओतायचं? त्याचंच नाव घेऊन? ज्यानं रडू दिलं नाही, त्याच्याच नावानं?

उन्हाचा पट्टा जमिनीवर आला, चटईला लागला, विझला. मायेन गेली तर... सकाळी तिची वेणी घालणारी बोटं वन्संची असतील. ती पडेल, आणि विचारायला मी नसेन.

वन्सं आल्या. मागं दोन म्हाताऱ्या. इक्वोनं गळा काढला. अतिमनं हातातली काडी घट्ट धरली आणि ते दार ढकललं.

टाच आधी आली. अंगठ्याएवढी टाच, गार. मग टाळूवरचा मऊ खड्डा, उडायचा थांबलेला. "एक्पेन्योंग!" ती ओरडली, कारण नाव घ्यायचंच होतं, आणि पोटातून काहीतरी उपटून आलं, गाल, मान, लुगडं भिजलं. "एक्पेन्योंग, तुला मी कुठं ठेवलं रे..." वन्सं खाली बसल्या, तिला मिठी मारून रडू लागल्या. "रड, बाई, रड. माझ्या भावासाठी रड. घेऊन जा तुझी मुलगी."

जिंकले. असं तिला वाटायला हवं होतं.

पण दाराच्या आत कुणीतरी होतं. केळीच्या झाडांमागं, गुडघ्यांवर, हातांनी चिखल उकरून बाळाएवढा खड्डा करणारा. कुदळ घेतली नव्हती त्यानं. आपलं निळं कापड त्यानं त्या खड्ड्यात अंथरलं होतं, आणि नंतर नदीवर नखं धूत राहिला, धूतच राहिला. हे तिनं पाहिलं होतं? पाहिलंच असलं पाहिजे. मग इतकी वर्षं कुठं होतं ते? की आत्ता, त्याचं नाव घेतल्यामुळं, तो मागाहून आत शिरला?

म्हाताऱ्या समाधानानं निघून गेल्या. इक्वो कुजबुजली, "काय आठवलंस गं?" अतिमच्या गालांवरचं पाणी वाळून कातडी ताणली जात होती, खाजत होती, पण काडी तिथं लावावीशी वाटेना. तिनं टाच पुन्हा आठवून पाहिली, एकटी टाच, दुसऱ्या कुणाची नाही अशी. तिच्याखाली निळं कापड आलंच.

पहाटे पुन्हा कोंबडा आरवेल, पुन्हा तेच दार उघडावं लागेल. आणि आत तो बसलेला असेल, चिखलाचे हात घेऊन, मान खाली घालून, कुणी विचारेल याची वाट बघत.